बास आणि बिजागरी

माझ्या भाच्याच्या खोलीत एका खिळ्यावर दोन हेडफोन टांगलेले असतात आणि त्यांपैकी एक मोडका आहे. हळदीच्या कार्यक्रमांपासून हॉटेलांतल्या शनिवार रात्रींपर्यंत मिळेल तिथे तो डीजे म्हणून गाणी वाजवतो. डीजे म्हटले की आपल्याकडे मिरवणुकीतली स्पीकरांची भिंतच डोळ्यांसमोर येते, आणि एका गाण्यातून दुसऱ्यात अलगद उतरण्याचे त्याचे बारीक काम त्या भिंतीमागे झाकले जाते, ही त्याची जुनी तक्रार आहे. नवा हेडफोन घ्यायचे मनात आले तेव्हा मित्राचा एक मागून आणून त्याने तो आपल्या जुन्याशेजारी ठेवला आणि त्रयस्थ कान म्हणून मला बसवले.

मित्राचा होता पायोनियरचा एचडीजे-एक्स१०. २०१७ साली आलेला, पूर्ण कान झाकणारा, ५० मिलिमीटरच्या ड्रायव्हरचा, म्हणजे आत थरथरून आवाज काढणाऱ्या चकतीचा, आणि ३२८ ग्रॅम वजनाचा. भाच्याचा होता सेनहायझरचा एचडी २५, जो १९८८पासून जवळपास त्याच रूपात मिळतो, वजनाने १४० ग्रॅमच्या आसपास भरतो, कान झाकण्याऐवजी कानावर टेकतो आणि एखाद्या रेडिओ केंद्राच्या कपाटात विसरून राहिल्यासारखा दिसतो. पायोनियर ५ हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला पाच कंपनांच्या खर्जापर्यंत, खाली उतरतो असे कंपनी सांगते. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झच्या खाली ऐकत नाही, तेव्हा उरलेले १५ हर्ट्झ कोणासाठी, हे मी विचारले नाही.

मी आधी पायोनियर चढवला. एवढ्या भारदस्त वस्तूतून बास, म्हणजे गाण्यातला खर्जाचा आवाज, अगदीच फिका येत होता. तसे म्हणताच भाचा म्हणाला, "मामा, आधी चष्मा काढ." चष्म्याची काडी कानाच्या गादीखालून जात होती आणि तेवढीशी फट पुरेशी होती. चष्मा काढल्याबरोबर किक ड्रमचा ठोका छातीत नाही तरी जबड्यात जाणवला. ५० हर्ट्झची ध्वनिलहर मोकळ्या हवेत जवळपास ७ मीटर लांब असते. हेडफोन ती कानाजवळ मावू शकत नाही, म्हणून गादी आणि कान यांच्यामध्ये कोंडलेली चमचाभर हवा तो पंपासारखी दाबतो आणि सोडतो. हवा निसटली की दाब जातो आणि दाबाबरोबर बास जातो, झांजांचा वरचा आवाज मात्र जवळजवळ तसाच राहतो.

एचडी २५मधून बास तुलनेने कमी, पण घट्ट आला. तबल्याची भाषा वापरायची तर एकात डग्ग्याचा घुमारा जास्त होता आणि दुसऱ्यात हात नेमका कधी पडला ते कळत होते. घरी आरामखुर्चीत ऐकायचे असेल तर मी बिनदिक्कत घुमारा निवडेन. पण मिनिटाला १२८ ठोके पडत असताना दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंदही नसतो, आणि येणाऱ्या गाण्याचा ठोका चालू गाण्याच्या ठोक्यावर बसवणाऱ्याला त्याची सुरुवात ऐकू यावी लागते. शिवाय बाहेरच्या स्पीकरांचा खर्ज गादीतून सहज आत शिरतो, कारण असे बंद हेडफोन उंच आवाज जसे अडवतात तसा खर्ज अडवू शकत नाहीत. त्या गोंगाटात हेडफोनने स्वतःचाही घुमारा ओतला तर आघात बुडतो, आणि बिचारा डीजे आवाज वाढवत बसतो.

बांधणीची तपासणी वेगळी करावी लागेल असे मला वाटले होते, पण ती याच बासाची पुढची गोष्ट निघाली. डीजे एक कान मोकळा ठेवण्यासाठी रात्रीत शंभरदा एक बाजू मागे वळवतो. एचडी २५ची एक बाजू त्यासाठीच फिरती आहे, आणि त्याचा डोक्यावरचा पट्टा दोन भागांत उघडतो. त्याची पकड इतकी कडक आहे की अर्ध्या तासात माझे कान दुखू लागले, आणि बासाचा घट्टपणा बराचसा त्या दुखण्यातूनच येतो हेही कळले. पायोनियरची पकड त्या मानाने सुखाची होती.

खिळ्यावरचा मोडका हेडफोन त्याचा पहिला. बाहेरून तो चांगला दणकट दिसतो, पण दुसऱ्याच वर्षी त्याची बिजागरी तडकली, आणि हा भाग सुटा मिळत नाही असे कंपनीने कळवले. मग पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका कारागिराने पत्र्याची बारीक पट्टी आणि दोन स्क्रू लावून तो उभा केला. दुरुस्ती झकास झाली, मात्र तेव्हापासून उजवी बाजू कानापासून केसभर दूर राहते आणि त्या बाजूला बास येत नाही. मी तो उजव्या कानावर बोटाने दाबून पाहिला, तर बास आला. बोट काढले, तर गेला.

भाच्याने मित्राचा हेडफोन शेवटी परत केला. एचडी २५च्या गाद्यांचे काळे कातडे घामाने आणि पावसाळी दमटपणाने सोलवटून कॉलरवर पडू लागले होते, त्यामुळे त्याने फक्त गाद्यांची नवी जोडी मागवली. ती आली तेव्हा जुन्या त्याने हाताने ओढून काढल्या आणि नव्या चढवल्या. त्याला स्क्रू-ड्रायव्हर लागला नाही.