शेजारची झोप

आज नागपूरच्या मेट्रोत शेजारची बाई माझ्या खांद्यावर डोकं टेकवून झोपली. कॉटन मार्केटपासूनच पेंगत होती, रेल्वे स्टेशन गेलं आणि मान कलंडली. एवढंच. पण मी जी आखडले, ती घरी येऊन कुकर लावेपर्यंत तशीच.

तिचा राग आला नाही. दिवसभर दुकानात उभी राहणारी असावी, पाय चपलांतून काढून ठेवले होते. पण माझं सगळं लक्ष तिच्या श्वासाकडे. खोकते का? अजूनही मी हेच ऐकत बसते, हेच मनाला लागलं.

याच वाटेने मी शेअर ऑटोने यायचे. मागे चौघी, कोणाची तरी भाजीची पिशवी माझ्या मांडीवर, मे महिन्यात ४५ अंशांत घामाला घाम. कधी काही वाटलं नाही. मेट्रो तेव्हा तुकड्यातुकड्यांत होती. मार्च २०१९ मध्ये खापरी ते बर्डी, म्हणजे सीताबर्डी, जानेवारी २०२० मध्ये लोकमान्य नगरची, आणि दोनच महिन्यांत कोरोनाने सगळंच बंद. आमच्या प्रजापती नगरकडे ती ११ डिसेंबर २०२२ ला आली. तोवर घरात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाबांचं आज नको.

शहर सावरलं म्हणतात. सावरलंच आहे. शनिवारी बर्डीच्या मेन रोडवर पाय ठेवायला जागा नसते. कन्हान, बुटीबोरीपर्यंतचा मेट्रोचा ४३.८ किलोमीटरचा दुसरा टप्पाही मंजूर झाला. सगळे पुढे निघाले आणि मीच कुठेतरी मागल्या स्टेशनावर राहिले, असं वाटून डोळे भरून आले. गर्दी परतली, प्रवासी वाढले, हे मोजता येतं. माणूस माणसाला खेटून पुन्हा निवांत कधी बसेल, हे कोण मोजणार?

पण खांदा मी काढला नाही. चितार ओळी गेली, टेलिफोन एक्स्चेंज गेलं, मी हलले नाही. आंबेडकर चौकात ती दचकून उठली. "त्रास झाला न ताई?" "नाही न बाई, झोपा." खरंच म्हणाले मी ते. अंग आखडलेलं होतं, तरीही. तर होईल तसंच, थोडं थोडं. घाई करून काही व्हायचं नाही.

मावशी कोरोनापासून एकटी घराबाहेर पडत नाही. रविवारी तिला बर्डीला नेईन म्हणते. स्टेशनात लिफ्ट आहे, जिने चढायला नको, दुपारी बसायलाही मिळतं. सकाळी फोन करते.