पाणी येण्याआधीचे सहा महिने

साताऱ्यात आमच्या शेजारी राहणारे आबा मूळचे पाटण तालुक्यातले, कोयनेच्या बुडीत क्षेत्रातले. निवाड्याची, म्हणजे भूसंपादनाच्या मोबदल्याच्या आदेशाची नक्कल, प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला आणि तलाठ्याने टाकाने लिहिलेला, घडीवर फाटल्यामुळे मागून खळीने कागद चिकटवलेला सातबारा ते एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवतात. त्या सातबाऱ्यावरचे शेत आज शिवसागर जलाशयाच्या तळाशी आहे, आणि त्याच्या बदल्यात मागितलेल्या पर्यायी जमिनीचा अर्ज वडिलांनंतर आबांच्या नावाने चालू आहे.

कोयना प्रकल्पाचे मोल मी नाकारत नाही. सुमारे 105 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आणि 1960 मेगावॅट वीज यांवर महाराष्ट्र उभा राहिला. पण त्याचे काम 1950 च्या दशकात सुरू झाले तेव्हा भूसंपादनासाठी 1894 चा इंग्रजांच्या काळातला कायदा हाताशी होता. त्यात जमिनीच्या मोबदल्याचा विचार होता, माणसांच्या पुनर्वसनाचा नव्हता. राज्याचा पुनर्वसन कायदा 1976 साली आला. तोवर कोयनेकाठची माणसे सोलापूर, सांगली आणि कोकणापर्यंत विखुरली होती. भावकी तुटली होती आणि ग्रामदैवत पाण्याखाली गेले होते.

सरकारचे कर्तव्य मोबदल्याचा धनादेश दिला की संपते, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. टिहरी धरणाच्या प्रकरणात 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने विस्थापितांचे पुनर्वसन थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 शी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडले. पुनर्वसन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, हे त्यातून उघड होते. 2013 च्या भूसंपादन कायद्यातील कलम 38 तर सिंचन आणि जलविद्युत प्रकल्पांबाबत असे सांगते की, जमीन बुडण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण झालेले असले पाहिजे. माझ्या दृष्टीने साऱ्या कायद्याचा जीव या एका अटीत आहे, कारण घळभरणी होऊन, म्हणजे धरणाच्या भिंतीतली नदीच्या पात्रातली फट बुजवून, पाणी चढू लागले की धरणग्रस्ताच्या हातात घासाघीस करण्यासारखे काहीच उरत नाही. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही आपल्याकडच्या चळवळीची घोषणा म्हणूनच अक्षरशः घ्यायला हवी.

महामार्गांच्या बाबतीत मात्र कायद्यानेच पळवाट ठेवली आहे. राष्ट्रीय महामार्गांसाठीचे भूसंपादन 1956 च्या स्वतंत्र कायद्याखाली होते. 2015 पासून 2013 च्या कायद्यातील मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी त्यालाही लागू झाल्या, परंतु सामाजिक परिणामांचा आधी अभ्यास करण्याचे बंधन तेथे नाही. रस्ता गावाच्या मधून गेल्यावर विहीर एका बाजूला आणि रान दुसऱ्या बाजूला राहते, कुळाने किंवा वाट्याने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, शेतमजूर बाईची बुडालेली मजुरी कोणत्याच मोजणीत येत नाही. हे आधी गावात बसून, ग्रामसभेत विचारून नोंदवणे सरकारला जड का जावे, हे मला खरोखर समजत नाही.

येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी, लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी सरकारने ठरवलेल्या लोकशाही दिनाला, आबांबरोबर मीही जाणार आहे. अर्जावर निर्णय केव्हा होईल, त्याची तारीख सहीशिक्क्यानिशी लेखी द्यावी, अशी आमची मागणी आहे. डब्यातल्या कागदांच्या तीन प्रती मी काल काढून आणल्या; सातबारा मात्र यंत्रात घालायला आबांचा हात धजेना, म्हणून त्याचा फोटो काढून घेतला.