पीसीआरच्या यंत्रापासून उंदरांच्या खोलीपर्यंत

सुरुवातीला आमच्याकडे एकही उंदीर नव्हता. पुण्यात भाड्याच्या दोन खोल्या, डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारं एक सेकंडहँड पीसीआर यंत्र आणि संशोधनासाठी एखादं जनुक बंद केलेल्या उंदरांच्या कानाचे, प्रयोगशाळांतून बर्फात येणारे तुकडे, एवढाच धंदा. पिल्लं साधारण 21 दिवसांची झाली की आईपासून वेगळी करतात. तेव्हा खुणेसाठी कानाला भोक पाडतात आणि निघालेला कण आमच्याकडे येतो. डीएनए काढायचा, पीसीआर करायचा, मग तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर चालवायचा. एक पट्टी की दोन, यावरून जनुकाच्या दोन्ही प्रती शाबूत आहेत, एक बंद आहे की दोन्ही, ते कळतं.

हृदयाचं काम आलं ते एपीओई नॉकआउट, म्हणजे एपीओई हे रक्तातल्या चरबीशी संबंधित जनुक बंद केलेल्या, उंदरांमुळे. साध्या उंदराच्या धमन्यांत सहसा चरबीचे थर साचत नाहीत. 1992 मध्ये हे जनुक बंद केलेले उंदीर तयार झाले आणि नेहमीच्या खाद्यावरही त्यांच्या महाधमनीत थर धरू लागले. दोन्ही प्रती बंद असूनही ते जगतात, वितात. पैदाशीला सोपे, गिऱ्हाईक खूश.

फुप्फुसांनी मात्र दमवलं. फुप्फुसांच्या धमन्यांतला रक्तदाब वाढण्याच्या आनुवंशिक आजारामागे बीएमपीआर2 जनुकातला दोष असतो, हे 2000 मध्ये कळलं. पण उंदरात दोन्ही प्रती बंद केल्या तर पिल्लू गर्भातच जातं. एकच बंद केली तर उंदीर बहुधा ठणठणीत! वरून कमी ऑक्सिजन, सेरोटोनिन असा काहीतरी ताण द्यावा लागतो. ‘जनुक बदललंय, मग आजार कुठाय?’ असं विचारणारे फोन अजूनही येतात.

पुढे लोक म्हणू लागले, तपासताच आहात तर पाळाही तुम्हीच. मग प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सीसीएसईए या सरकारी समितीची नोंदणी, जैवसुरक्षा समिती, हवा खेळवणारे पिंजरे आणि जनरेटर. कर्ज जनरेटरसाठीच काढलं. उंदराचं हृदय मिनिटाला 500-600 वेळा धडधडतं आणि खोलीच्या तापमानानुसार तो आकडा हलतो. एसी बंद पडला की आठवड्याची मोजणी गेलीच समजा.

आता दरपत्रकात एक ओळ आम्ही कुणालाही खोडू देत नाही. हृदयापुरतं जनुक बंद करायला क्रे नावाचं विकर वापरतात, आणि ते जास्त झालं तर एकटंही हृदय बिघडवू शकतं. म्हणून बिघाड जनुकामुळे की क्रेमुळे हे कळायला त्याच विणीतली नुसतं क्रे असलेली भावंडं सोबत घ्यावीच लागतात, हीच ती ओळ. खर्च वाढतो, काही कामं हातची जातात. जाऊ देत.