लालबाग ते काळा घोडा, व्हाया हत्तीचं पिल्लू

मुंबईत चार दिवस होते. पहिला लग्नात गेला, दुसरा लग्नाच्या शिणवट्यात, चौथा पिशव्या भरण्यात. लिहायचंय ते तिसऱ्या दिवसाबद्दल, आणि खरं म्हणजे त्यातल्या पंचावन्न मिनिटांबद्दल. रविवारी दुपारी सव्वादोन ते तीन दहा मी लालबागच्या एका बसस्टॉपवर उभी होते.

जायचं होतं काळ्या घोड्याला. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीची चित्रं जहांगीर आर्ट गॅलरीत लागली होती. पंचविशीत ठरवलेलं तिनं पन्नाशीत करून दाखवलं, त्यामुळे न जाऊन चालणारच नव्हतं. गॅलरी सातला बंद होते. मावशीच्या चाळीतून दोनला निघाले की तीनला पोचेन, असा माझा कोल्हापुरी हिशेब. आमच्याकडे मिरजकर तिकटीहून रंकाळ्याला पोचायला जो वेळ लागतो, त्याच्या तिप्पट धरला म्हणजे मुंबई झाली, असं मला तोवर वाटत होतं.

लोकलचा पत्ता आधीच कटलेला. रविवार, मेगाब्लॉक, चिंचपोकळीला गाडी थांबणार नव्हती. मावसभाऊ म्हणाला, "ताई, मेट्रो-३ ने जा ना, एसीत." ही जमिनीखालची मेट्रो आरे ते कफ परेड अशी ३३.५ किलोमीटर धावते, ऑक्टोबर २०२५ पासून अख्खी सुरू झाली, हुतात्मा चौकात स्टेशन आहे, सगळं कबूल. पण ती लालबागला नाही, महालक्ष्मीला आहे. "मग महालक्ष्मीला कशी जाऊ?" तर म्हणाला, "बसनं."

म्हणून बस.

स्टॉपवर बसायला एक स्टीलची तिरकी पट्टी होती. तिच्यावर बसलं की माणूस हळूहळू पुढे घसरतो. कुणी झोपू नये म्हणून तशी करतात म्हणे, पण त्यावर कुणाला बसताही येत नाही. फक्त एक आजोबा तिच्या कडेला टेकून, काठी रस्त्यात रोवून, मांडीवर पेपर ठेवून शब्दकोडं सोडवत होते. बाकी आम्ही सात-आठ जण उभे. एका मुलाच्या मोबाईलमध्ये बस दिसत होती. 'तीन मिनिटं.' दहा मिनिटांनी विचारलं, तर तीनच मिनिटं. पंचवीस मिनिटांनी विचारलं, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "काकू, आता दोन." त्याच्या आवाजात इतकी आशा होती की मला पुढे काही बोलवेना.

बसची वाट बघण्यात एक खास अपमान आहे. वेळ आपला जातो, पण त्यातलं ठरवणं आपल्याकडे काहीच नसतं. टॅक्सी करावी, तर पुढच्या मिनिटाला बस येईल ही भीती. थांबावं, तर आधीच थांबलेली पंचवीस मिनिटं वाया जाऊ नयेत म्हणून आणखी थांबायचं. पत्त्यांच्या अड्ड्यावर हरणारा माणूस उठत नाही, तसंच.

"पाहुण्या का?" आजोबांनी विचारलं. मी कोल्हापूर म्हटल्यावर त्यांनी पेपर बाजूला ठेवला. याच रस्त्यावरून ट्राम जायची, म्हणाले. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला आली, तेव्हा ते तिसरीत होते आणि वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी ती पाहिली. "गर्दी एवढी, की ट्राम कमी नि डोकीच जास्त दिसली. हळू चालायची हो, पण यायची. लांबून दिसायची. माणूस तेवढ्यात पान लावून घ्यायचा."

त्यांना भायखळ्याला बहिणीकडे जायचं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे चालणं बंद. मग त्यांनी मला कोड्यात ओढलं. "सांगा, हत्तीचं पिल्लू. तीन अक्षरी."

"छावा," मी ताबडतोब म्हटलं.

"दोनच झाली."

मी बोटांवर मोजून पाहिलं. दोनच होती. मधलं अक्षर 'ल' आहे, असंही त्यांनी सांगितलं. शाळेत संस्कृतला मला ऐंशीच्या वर मार्क होते, आणि त्या उन्हात मला काहीही आठवेना.

तीन वाजून आठ मिनिटांनी बस आली. आली म्हणजे स्टॉपवर नाही. तीस-चाळीस पावलं पुढे, रस्त्याच्या मध्यातच थांबली. मोबाईलवाला मुलगा आणि आणखी चौघं धावत जाऊन लोंबकळले. आजोबा उठले, पेपरची घडी केली, काठी घेतली, दोन पावलं टाकली, तोवर ती सुटलीसुद्धा. तिच्या मागोमाग त्याच नंबरची दुसरी, जवळजवळ रिकामी. तिनं आमच्याकडे बघितलंही नाही. मी धावू शकले असते. धावले नाही. का, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. राग आला होता एवढं खरं.

आजोबा पुन्हा पट्टीला टेकले. "येईल तिसरी," म्हणाले.

मी त्यांना म्हटलं, "मी आपली चालत जाते." ते हसले आणि म्हणाले, "पाय आहेत तोवर चाला."

आणि मी निघाले. फोर्टपर्यंत सहा किलोमीटरांच्या आसपास.

पहिल्या पाच मिनिटांत राग कमी झाला, कारण शिंका सुरू झाल्या. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपुढून नाक उघडं ठेवून जाता येत नाही. आत डंक चालू असतात. लोखंडी मुसळं आळीपाळीनं वर जातात, खाली येतात, धप् धप्, आणि दारात बेडगी, शंकेश्वरी, काश्मिरी असे मिरच्यांचे ढीग. एका बाईनं घरून भाजून आणलेला ऐवज डब्यातून ओतला आणि कांडणाऱ्याला दटावलं, "माझ्यासमोर कांडायचं, आधीच्याचा मिसळायचा नाही." मग तिथंच स्टूल ओढून, डोळ्यांना पदर लावून ती बसली. मी दहा मिनिटं ते बघत उभी राहिले. आताच पंचावन्न मिनिटं उभी राहून मी चिडले होते, आणि ही दहा मिनिटं उभं राहिल्याचं मला कळलंही नाही.

चालणं सुखाचं होतं असं मात्र समजू नका. फूटपाथ म्हणून जे आहे, त्यावर आधी मोटारसायकली, मग एक देऊळ, मग कुणाचा तरी पलंग, मग खणलेला खड्डा. पेव्हर ब्लॉक तर जातिवंत लबाड. वरून कोरडा दिसतो, पाय पडला की एक कोपरा खाली जातो आणि खालचं पाणी थेट सलवारीवर. चिंचपोकळीपर्यंत मी तीनदा फसले. चौथ्यांदा समोरच्या माणसाची पावलं बघून चालायला शिकले. इथले लोक खाली न बघता नेमका हलणारा ब्लॉक टाळतात, बहुधा लहानपणापासूनच्या सवयीनं.

राणीच्या बागेपाशी घसा कोरडा पडला होता. आत पेंग्विन बघायला निम्मी मुंबई रांगेत. मी कडेच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं तिकीट काढलं, खरं तर सावलीसाठी. १८७२ साली लोकांना खुलं झालेलं, मुंबईतलं सगळ्यांत जुनं संग्रहालय. आतलं छत, खांब, सोनेरी नक्षी छान आहे. पण मला बाहेरच्या हत्तीनं अडवलं.

हा घारापुरीचा दगडी हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांना तो विलायतेला न्यायचा होता. उचलायला गेले आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे या बागेत आणून पुन्हा जोडले. जवळ गेलं की सांधे दिसतात, कानामागे, पोटावरून, पायांत. म्हणजे यालाही वाहन मिळालं नाही, माझ्या मनात आलं, आणि त्याच क्षणी तोंडातून मोठ्यानं निघालं, "कलभ!"

शेजारी सेल्फी काढणारं जोडपं दचकलं.

कलभ. हत्तीचं पिल्लू. तीन अक्षरी, मधला ल. स्टॉपवर पंचावन्न मिनिटं डोकं खाजवून जे सुचलं नाही, ते पाऊण तासाच्या रमतगमत चालण्यात आपसूक वर आलं. आणि सांगायला आजोबा नव्हते. त्यासोबत आणखी एक गोष्ट सुचली, ती सुचली नसती तर बरं झालं असतं. त्यांना यायचं होतं ते इथंच, भायखळ्याला. चाळीसेक रुपयांत टॅक्सी झाली असती. मी त्यांना सोडून पुढे जाऊ शकले असते. पण रागात ठसक्यानं चालत निघायची मला इतकी घाई, की ज्याचं चालणं बंद आहे त्याला 'मी चालत जाते' असं सांगून आले.

बागेत काळा घोडाही भेटला. खरा. ज्याच्यावरून त्या जागेला नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ साली तिथून हलवून भायखळ्याला आणला. आता तिथे आहे तो २०१७ साली बसवलेला नवा घोडा, स्वाराशिवायचा. म्हणजे मी ज्याच्या नावाच्या जागी निघाले होते, तो साठ वर्षांपूर्वीच उलट दिशेनं इकडे येऊन राहिलाय.

भायखळ्याचा पूल ओलांडला की खडा पारशी. उंच लोखंडी खांबावर शेटजी, पायथ्याशी दिवे धरलेल्या जलपऱ्या, आणि दोन्ही अंगांनी फ्लायओव्हर. त्यांचं नाव करसेटजी माणेकजी, पण ते कुणाला ठाऊक नाही. मावशीच्या घरात कुणी उगाच ताटकळत उभं दिसलं की म्हणतात, "काय खडा पारशी झालाय तुझा?" दुपारभर मीच ती होते, म्हणून त्यांना जरा आपुलकीनं बघितलं.

पुढे जेजे हॉस्पिटलपासून फ्लायओव्हर डोक्यावर येतो. वरून जाणाऱ्याला मुंबई चार मिनिटांत संपते. खालून चाललं की भेंडीबाजार लागतो. आता निम्मा पाडून टॉवर उभे राहतायत. याच वस्तीच्या नावानं गाण्याचं एक अख्खं घराणं आहे. छज्जू खाँ, नझीर खाँ, खादिम हुसेन खाँ हे भाऊ इथं येऊन राहिले, अंजनीबाई मालपेकर नझीर खाँसाहेबांकडे शिकल्या. मी अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापूरची, त्यामुळे घराण्यांचा अभिमान मला जरा जास्तच. पण आमच्याकडे घराण्याला बाजाराचं नाव द्यायची हिंमत कुणी केली नसती. हॉर्नच्या त्या कल्लोळात हे लोक सूर कसे लावत असतील? मग लक्षात आलं, तेव्हा हॉर्न नव्हते.

मोहम्मद अली रोडवर एका अत्तराच्या दुकानात काउंटरवरच मांजर झोपलेलं. मालक त्याला न हलवता, त्याच्यावरून हात लांब करून बाटल्या देत होते. मनगटावर त्यांनी फुकट खस लावून दिलं. क्रॉफर्ड मार्केट मी बाहेरूनच पाहिलं. सीएसएमटीच्या सबवेत उतरले आणि दोनदा चुकीच्या तोंडातून वर आले. तिसऱ्यांदा एका चार्जर विकणाऱ्या पोरानं विचारलं, "मावशी, नक्की जायचंय कुठं?" आणि दारापर्यंत येऊन हातानं दाखवलं.

रविवारचा फोर्ट मात्र दृष्ट लागावी असा. शटरं खाली, कमानीखाली पोरांचं क्रिकेट, आपल्या पावलांचा आवाज आपल्याला ऐकू येतो. हुतात्मा चौकात मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराच्या पायाशी बसून मी चपला काढल्या. उजव्या करंगळीला फोड आला होता.

सहाला जहांगीरमध्ये पोचले. मैत्रिणीनं मिठी मारली आणि पहिलं वाक्य, "तुला मिरचीचा वास येतोय." चित्रं सुंदर होती. पण खोटं कशाला सांगू, अर्धा वेळ मी बाकावर बसून एकच चित्र बघत होते, कारण ते बाकासमोर होतं.

परतताना टॅक्सी केली.

रात्री मावशीनं गरम पाण्यात मीठ घालून बादली पुढ्यात ठेवली. मी कण्हत होते. ती म्हणाली, "आमचे मामंजी पंचावन्न साली संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला इथून फाउंटनपर्यंत, म्हणजे आताच्या हुतात्मा चौकापर्यंत, चालत गेले. तिथे लाठी खाल्ली, नि चालतच परत आले. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला हजर." मी कण्हणं थांबवलं.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन होतं. सोमवारी दुपारी चिवडा आणायच्या निमित्तानं खाली उतरले आणि चिवडा गल्लीतून मुद्दाम लांबच्या वाटेनं त्या स्टॉपवर गेले. आजोबा नव्हते. तिरक्या पट्टीवर कुणीच नव्हतं. बस होती. आमच्याच नंबरची, अगदी स्टॉपला खेटून, दार उघडं, आत चार माणसं. ड्रायव्हरनं खिडकीतून माझ्याकडे बघितलं. "येताय का, बाई?"

मी चिवड्याची पिशवी वर करून नाही म्हटलं, आणि तो बिचारा तरीही क्षणभर थांबला.