तिथीची पाऊणपट

स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिले’ यावर लिहा, असा समितीचा निरोप आला. शिस्त, संस्कार यांवर इतर मंडळी लिहितीलच. मी भरती-ओहोटीवर लिहितो.

मी मढचा. वर्सोव्याच्या जेटीवर उभे राहिलात की खाडीपलीकडे दिसतो तो आमचा गाव. होडीने काही मिनिटांत पोचता येते. रस्त्याने मालाड-मार्वेचा वळसा घातलात तर २० किलोमीटरच्या वर. आम्ही मढची पोरे तरीने शाळेत यायचो. सकाळी होडी थेट काठाला लागे. संध्याकाळी साडेपाचला शाळा सुटून परत यावे, तर काही दिवस पाणी पार खाली गेलेले असे. मग चपला हातात आणि चिखल पोटरीपर्यंत. ते दिवस अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे असत, हे घरी शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

आठवीत भूगोलाच्या बाईंनी शिकवले की भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. मी हात वर करून म्हटले, ‘‘बाई, आमचा आजा घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगतो. तिथीची पाऊणपट करतो.’’ वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. पुढचा तास गणिताचा होता. त्यांनी गणिताच्या सरांना थांबवून मला पुन्हा सांगायला लावले. सर जुन्या वळणाचे, त्यांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तोंडपाठ. फळ्यावर त्यांनी मांडले: अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मग त्यात सहा तास आणि वर थोडे मिळवून ओहोटी काढली, तर ती आली शाळा सुटायच्या वेळेला! ‘‘तरीच याची पँट महिन्यातून दोनदा भरलेली असते,’’ सर म्हणाले. पुढे त्या दिवसांत आम्हा होडीवाल्यांना शेवटच्या तासाला सोडू लागले. अर्ज नाही, चिठ्ठी नाही.

नंतर बँकेच्या नोकरीत विदर्भ-मराठवाडा फिरलो. तिथे तिथी लागायची ती फक्त उपवासाला. निवृत्त झाल्यावर मढच्या घरी राहायला आलो, आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की घरात बोलणे अजून उधाण आणि भांग याच भाषेत चालते. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेचे ओढीचे पाणी, भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे मंद पाणी. आमचा धंदा डोलीचा. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेले पिशवीसारखे जाळे. ते मासळीमागे धावत नाही. पाण्याच्या ओढीबरोबर मासळीच आत येते. म्हणून ओढ असेल तेव्हा, उधाणाला, बोंबील, जवळा, करंदी. भांगाला पाणी मंद, तेव्हा जाळी शिवायची. लग्नाची बोलणीसुद्धा शक्यतो भांगात.

बदलले ते बरेच. पुतण्याच्या बोटीवर जीपीएस आहे, खलाशी बाहेरगावचे आहेत, आणि किनाऱ्यावर मासळी वाळवायच्या जागेची चणचण. मढ म्हटले की लोकांना शूटिंगचे बंगले आठवतात, आठवोत बापडे. पण पावसाळा सरला की वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या मांडवावर, बोंबील अजून तसेच टांगतात, दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून. हे काम बायांचे. वहिनीचा हात इतका झरझर चालतो की बघत बसावे. मी मदतीला गेलो तर ‘‘भावजी, तुमी पेपर वाचा’’ म्हणून हाकलते.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मग नारळी पौर्णिमा. गावाची मिरवणूक, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ, नटलेल्या बाया, आणि बंदरावर पोचेपर्यंत उन्हे कलतात. म्हणजे नेमकी सुकती! पाणी दूर गेलेले असते, आणि नवे लुगडे सावरत चिखल तुडवत जावे लागते. मुहूर्त जरा अलीकडे घ्या, असे मी एकदा सुचवून पाहिले. म्हातारी मंडळी म्हणाली, ‘‘बँकवाल्याला घाई.’’

पुतण्याची मुलगी आता आपल्याच शाळेत आहे. तिला मी पाऊणपट शिकवली. तिने फोनवर ताडून पाहिले. पाव-अर्ध्या तासाचा फरक निघाला, आणि तिने तो मला दोन दिवस ऐकवला.

समितीला देणगीबरोबर एक विनंती पाठवली आहे. भूगोलाच्या वर्गाला एखाद्या अमावास्येला मढला आणा. सकाळी होडीने या, जेवण आमच्याकडे. परत मात्र साडेपाचलाच जायचे, आणि पोरांना चांगले बूट घालून पाठवू नका.