पालखीचे भोई

रविवार, रात्र

पोटऱ्या अशा भरून आल्यात की जिना उतरताना कठडा सोडवत नाही. तरी चार ओळी लिहून ठेवतो, नाहीतर उद्या ऑफिसात 'ट्रेक मस्त झाला' एवढंच उरायचं.

पन्हाळा ते पावनखिंड. या खेपेला माझ्याकडे पिछाडी होती. नियम साधा: पुढच्याची पाठ दिसलीच पाहिजे, आणि फाटा आला की शेवटचा माणूस येईपर्यंत एकाने तिथे थांबायचं. मसाई पठारावर धुकं इतकं दाट की पुढची पाठ म्हणजे नुसता रेनकोटचा पिवळा ठिपका. पुढे चालणाऱ्यांना वाट दिसते, मागच्याला माणसं. कोण उतारावर बिचकतो, कोण पाणी मागायला लाजतो, सगळं कळतं. करपेवाडीच्या अलीकडे एकाच्या बुटाचा तळवा चिखलातच राहिला. तो हताश होऊन बसला, तर मागून येणाऱ्या काकूंनी सॅकमधून परकराची नाडी काढली, तळव्याखालून दोन वेढे घेतले आणि वर गाठ मारून म्हणाल्या, "चल रे, खिंडीपर्यंत टिकेल." टिकली!

बाजीप्रभूंच्या पुण्यतिथीच्या आसपास या वाटेवर गर्दी लोटते. घोषणांना माझी ना नाही, पण पाठीवर स्पीकर लावून चालणाऱ्यांचं काय करावं? भातलावणीला वाकलेल्या बायकाही मान वर करून बघत होत्या.

चालताना मला बाजीप्रभूंच्याही आधी आठवत होते ते शिवाजी महाराजांच्या पालखीचे भोई. १६६० चा जुलै, आषाढी पौर्णिमा असूनही आभाळ गच्च. मार्चपासून पडलेला सिद्दी जौहरचा वेढा चुकवून निघालेले, म्हणजे उजेडाचं नाव नाही. दुसऱ्या पालखीत बसून गेलेल्या शिवा काशिदांचं नाव राहिलं, पुतळाही झाला. पण खांद्यावर दांडा घेऊन याच निसरड्या उतारावर एकाच तालात पाय टाकणारे कोण होते? एकाचा पाय सरकला तर चौघं कोलमडणार. आम्ही दिवसाउजेडी, हातात काठ्या घेऊन, वाटेत मुक्काम करून चाललो आणि तरी दर तासाला कुणीतरी बसकण मारत होतं.

खिंडीत आता उतरायला शिडी आणि कठडे आहेत. खाली कासारीचं पाणी इतकं गरजत होतं की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागलं. पूर्वीच्या या घोडखिंडीत तीनशे माणसांना फौज कशी अडवता आली असेल, हे उभं राहिल्यावर पटतं. दोन्ही अंगांना कडा, मध्ये जेमतेम वाट.

आमची मोहीम इथे संपली, गाडी वर उभीच होती. पालखीची संपली नव्हती. विशाळगड अजून पुढे, आणि त्यालाही सुर्वे-दळवी या आदिलशाही सरदारांचा वेढा. तो फोडून महाराज गडावर पोचले तेव्हा कुठे तोफांचे बार झाले.

परतीच्या गाडीत मी विषय काढला की पुढच्या वेळी विशाळगडापर्यंत चालू. निम्मे झोपलेले होते. काकू मात्र जाग्या होत्या. म्हणाल्या, "मग एक मुक्काम वाढव, आणि पिछाडी मला दे."