बोळ्यावर आलेला गंज

चित्र टेबलावर आलं तेव्हा सगळंच तपकिरी होतं. माळावर सोडून दिलेली जुनी मोटार, मागे कलतं आभाळ, पुढे वाळलेलं गवत आणि या सगळ्यावर मधासारखा पिवळा उजेड. साधारण दोन फूट बाय तीन फूट, कॅनव्हासवर तैलरंग. घेऊन आलेल्या बाई म्हणाल्या, "बाबांचं आहे. ते काही चित्रकार नव्हते, हौसेनं काढायचे. फक्त साफ करून द्या. आभाळ पूर्वी इतकं काळवंडलेलं नव्हतं, एवढं मला आठवतंय."

जुनी चित्रं दुरुस्त करणं, साफ करणं हा माझा व्यवसाय. अशा कामाची सुरुवात नेहमी अंधारात होते. खिडक्या बंद करून अतिनील दिवा लावायचा. जुनं राळेचं व्हार्निश त्या उजेडात हिरवट, धुक्यासारखं चमकतं आणि त्याच्यावर नंतर कुणी रंग लावला असेल तर तो भाग काळा दिसतो. इथे आभाळ हिरवट चमकलं. मोटारीवर मात्र काळे डागच डाग होते. बॉनेटवर, टपावर, मडगार्डांच्या कडांना, दाराच्या खालच्या अंगाला. चाकांपुढच्या गवतावरही. मी वहीत लिहिलं: "नंतरच्या हाताने केलेली डागडुजी. काढून टाकावी." असं मी कितीतरी चित्रांबाबत लिहिलं आहे आणि बहुतेक वेळा ते बरोबरच निघालं आहे. कुणीतरी अर्धवट माहितीवर रंग फासून ठेवतं, आम्ही तो उतरवतो.

वरची धूळ आणि धुरकट थर थुंकीनं काढला. ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं, पण काडीला गुंडाळलेला कापूस लाळेत भिजवून हलक्या हातानं फिरवणं ही आमच्या कामातली जुनी आणि भरवशाची रीत आहे. लाळेतली पाचकद्रव्यं मळ सोडवतात आणि रंगाला धक्का लागत नाही. मग द्रावक. आभाळाच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी जागा घेतली. बोळा कोऱ्या चहासारखा पिवळा झाला आणि खालून थंड, निळसर राखाडी आभाळ दिसलं. उतरती संध्याकाळ नव्हतीच ती, सकाळ होती. जुन्या चित्रांतल्या सोनेरी उजेडाला आपण किती भुलतो, याची मला प्रत्येक वेळी नव्यानं जाणीव होते.

मग दाराकडे वळले. तिथल्या काळ्या डागावर बोळा फिरवला आणि तो लालसर तपकिरी झाला. गंज उतरला होता. अपेक्षित होतं तेच, म्हणून आणखी दोनदा फिरवला. चौकोनी सेंटीमीटरभर जागेत खालून निळा रंग वर आला. स्वच्छ, किंचित हिरवट झाक असलेला निळा. जुन्या मोटारींचं थोडंफार वाचलेलं असल्यामुळे मला तो रंग बघूनच आनंद झाला. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ पर्यंत फक्त काळी मिळायची. त्या सुमारास झटपट वाळणारे नायट्रोसेल्युलोजचे रंग आले आणि रस्त्यावर निळ्या-हिरव्या गाड्या दिसू लागल्या. ही त्यांतलीच एक असावी.

आणि तिथेच हात थांबला. निळा रंग द्रावकाला दाद देत नव्हता, तो तेलातला होता. जवसाचं तेल उडून जाऊन वाळत नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. एकदा नीट घट्ट झालं की अशा सौम्य द्रावकात पुन्हा विरघळत नाही. व्हार्निशचं उलट आहे, ते नुसतं सुकलेलं असतं, म्हणून पुन्हा विरघळतं. म्हणजे हा गंज तेलात नव्हे, व्हार्निशमध्ये खलून लावलेला होता. डागडुजी करणारा माणूस उडालेला रंग भरतो. इथे तर खालचा निळा शाबूत होता. शाबूत दारावर कुणी गंज कशाला चढवेल?

चित्र दिव्याखाली नेऊन भिंगातून बघायला बसले. तासभर तरी बसले असेन. काचेच्या कडांचा पिवळसर तपकिरी पट्टा मी सकाळी व्हार्निशच्या खाती टाकला होता. तो व्हार्निशचा नव्हता, ब्रशनं काढलेला होता. त्या काळच्या सुरक्षा काचांमध्ये दोन काचांच्या मधे सेल्युलॉइडचा पातळ पापुद्रा असायचा आणि तो वर्षानुवर्षांत पिवळा पडायचा. ज्यानं हे काढलं त्यानं गाडीजवळ उभं राहून बघितलं होतं. दार बिजागरीपाशी ओळंबलेलं होतं. जुन्या गाड्यांच्या पत्र्याआत लाकडी सांगाडा असे, तो कुजला की दार असंच खाली येतं.

दाराजवळच्या एका भेगेच्या कडेनं टाचणीच्या टोकाएवढा कण घेतला, पारदर्शक राळेत बसवून घासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सगळ्यांत खाली पांढरं अस्तर. त्यावर निळा. मग व्हार्निश, त्यावर गंजाचा पातळ थर, मग काळी बारीक रेघ. पुन्हा व्हार्निश, गंज, रेघ. पुन्हा एकदा तसंच. ती काळी रेघ म्हणजे धूळ. दोन थरांमध्ये चित्र बराच काळ भिंतीवर टांगलेलं होतं, याचा तो पुरावा. असे गंजाचे तीन थर होते.

मग टपावरचा एक कण घेतला. तिथे दोनच थर. काचेच्या वरच्या पत्र्यावर एकच. पत्रा खरोखर असाच गंजतो. पाणी साचतं तिथे, दाराच्या आणि मडगार्डांच्या खालच्या कडांना आधी आणि उघड्या टपावर मागाहून. शेवटच्या थरातला गंज नारिंगी होता, अगदी ताज्या गंजासारखा, आणि खालच्या थरांतला काळपट. सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढवेनात. रंगपेटीतला गेरू म्हणजे लोखंडाचं ऑक्साइडच. सिएना नावाची पिवळसर माती भाजली की तिच्यातलं पाणी जातं, लाली येते आणि तिचा बर्न्ट सिएना हा रंग होतो. पत्र्यावर जे चढत होतं, तेच त्या माणसानं ट्यूबमधून काढून चित्रावर चढवलं होतं. पुन्हा पुन्हा तिथे जाऊन, बघून, घरी येऊन.

वहीतली सकाळची ओळ खोडली. मी आणखी पंधरा मिनिटं थांबले नसते तर मोटार पार निळी करून बाईंच्या हातात दिली असती आणि छान साफ झाली म्हणून समाधानही मानलं असतं. तो विचार आजही मला सोडत नाही.

बाईंना फोन केला. थर कसे आहेत ते सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बाबा मधूनच चित्र उतरवायचे भिंतीवरून. आई चिडायची, झालेलं चित्र कशाला बिघडवता म्हणून. आम्हाला वाटायचं, त्यांना ते जमलेलं वाटत नाही."

"आणि ती गाडी?"

"होती ना. रस्त्यापासून आत, माळावर. रविवारी सायकल घेऊन जायचे. मला कधी नेलं नाही, लहान होते मी."

आभाळावरचं व्हार्निश मी अर्ध्याहून कमी उतरवलं, पातळ केलं एवढंच. एकदम सगळं काढलं असतं तर मोटार आभाळातून कापून चिकटवल्यासारखी दिसली असती. मोटार आणि गवत यांना लाळेच्या बोळ्यापलीकडे काहीही लावलं नाही. राहिला तो दारावरचा चौकोनी सेंटीमीटर. तिथे मी पुन्हा गंज भरू शकले असते, कुणाला कळलंही नसतं. पण तो माझा गंज झाला असता, म्हणून बाईंनाच विचारायचं ठरवलं.

त्या घ्यायला आल्या तेव्हा आधी आभाळ बघत राहिल्या. मी दार दाखवलं, काय झालं ते सांगितलं, माफी मागितली. त्यांनी चष्मा काढून डोळे चित्राला जवळजवळ टेकवले.

"निळी होती?" त्या म्हणाल्या. "मी जन्मभर ती तपकिरीच समजत होते."

मग बोट जवळ नेलं, पण लावलं नाही. "हे असंच राहू द्या."

माझ्या अहवालात शेवटची नोंद तीच आहे: डावं दार, खालची बाजू, एक चौकोनी सेंटीमीटर, मूळ निळा उघडा, मालकांच्या इच्छेनुसार भरलेला नाही.